वहिनीचे डोहाळे आणि भुताचं वाजवणं

१४ जून १९१३

पुस्तक संपलं. कॉलेजातल्या शेषूने दिलेलं. पुठ्ठा नाही, पहिली पानं नाहीत, कुणी लिहिलंय कळायला मार्ग नाही. जुन्या इंग्रजी भुताच्या गोष्टी. पडके मठ, तळघरं, वारा, मेणबत्त्या. शेवटची गोष्ट केमिस्ट्रीच्या तासाला मागच्या बाकावर वाचली आणि भर दुपारी अंगावर काटा. समुद्रकाठचा मठ. दिवेलागणीला एक पांढरी बाई दगडी जिन्याने खाली येते, रिकाम्या पाळण्याशी बसते, परत वर जाते. बस. कुणाला धरत नाही, ओरडत नाही. आणि तरी!

हे वाजवायचं. गायचं नाही, शब्द नकोतच. नुसतं फिडल. ऐकणाऱ्याला जिना दिसला पाहिजे.

१६ जून

फर्नांडिस मास्तरांना सांगितलं. फौजेच्या बँडातून म्हातारे होऊन बाहेर पडले, आता पोरांना फिडल शिकवतात, त्यातला मी एक. पोटभर हसले. "इतके दिवस तुला वॉल्ट्झ शिकवला, तू भूत शिकून आलास?" मग माझ्या हातातून फिडल घेतलं, मायनरमध्ये चार सूर खाली आणले, डोळे मिटून. "उतरताना घाई नको, किट्टू. भुताला कचेरी गाठायची नसते."

मास्तर म्हणजे मास्तर.

२१ जून

घरी प्रॅक्टिस. नुसतं फिडल उघडं वाटतं, खाली धरून ठेवणारा सूर पाहिजे. भजनाची पेटी आहे, पण ती आत्याची. आत्या दुपारी झोपते तेव्हा वहिनीला विचारलं. वहिनी भजनात पेटी धरते, हात चांगला.

"काय वाजवायचं, भावजी?"

"काही नाही. खालचा सा दाबून ठेव. सोडू नको."

"आणि?"

"आणि घाबर."

फार हसली. पण गोष्ट सांगितली तेव्हा हसू ओसरलं. म्हणाली, "पाळणा रिकामा का होता?" पुस्तकात नाही म्हटलं. "मग तुमच्या इंग्रज माणसाला महत्त्वाचं तेच माहीत नाही."

शेजारच्या पत्रेवाल्याची ठोकाठोक मधेमधे. लष्कर मोहल्ल्यात भुताने तरी यावं कसं.

२५ जून

रोज दुपारी तासभर. वहिनी आता सा सोडून खाली कोमल ध धरते मधेच, मी न सांगता. थंडगार वाटतं. विचारलं कुठून सुचलं. "सुम्मने. आपोआप."

माझा भाऊ अण्णा घरी असता तर बसू दिलं नसतं. तो कोटेला जंगल खात्यात, महिन्याकाठी एकदा येतो, आला की झोपतो. वहिनीला बोलायला घरात मीच. वडील, अप्पा, रिसाल्यात दफेदार होते, अजून घोड्याशी बोलल्यासारखं बोलतात.

२ जुलै

आत्याने पकडलं. पेटीचा आवाज ऐकून उठून आली, दारात उभी. मला वाटलं पेटीवरून ओरडेल. तिने वहिनीकडे बघितलं नुसतं. वहिनीने मान खाली घातली. मग मला कळलं.

चौथा महिना.

आत्या मला बाहेर घेऊन आली. "कॉलेजात घातलं ते मसणातली गाणी आणायला का रे, मेल्या? दोनदा काय झालं विसरलास?"

विसरलो नाही. पहिला मुलगा, बारसं होईपर्यंत राहिला नाही. दुसरी मुलगी, रडलीच नाही. दोघांना अप्पांनी स्वतः नेलं, हूटगळ्ळीच्या वाटेला आमचा जमिनीचा तुकडा आहे तिथे. मी तेव्हा हायस्कुलात. घरात त्यावर कुणी बोलत नाही.

पोटुशीच्या कानावर वाईट पडू नये. बंद म्हणजे बंद.

९ जुलै

मास्तरांच्या व्हरांड्यात एकटाच वाजवतो. जिन्याचा भाग झाला. "तळघर" अर्धं. पेटीशिवाय सगळं वाळलेलं वाटतं.

वहिनी चुलीतली राख खाताना सापडली. चिंच, कच्चे तांदूळ, राख. आत्या खूश. डोहाळे कडक म्हणजे मूल घट्ट.

१३ जुलै

आज जे झालं ते लिहितो तरी खरं वाटत नाही.

जेवताना आत्या वहिनीला म्हणाली, काय खावंसं वाटतं ते मनात ठेवू नको, मनात राहिलं तर पोराच्या तोंडाची लाळ थांबत नाही. सांग. वहिनीने ताट जरा पुढे सरकवलं. मग म्हणाली,

"भावजींचं ते वाजवणं."

आत्याने स्वतःच्या तोंडात मारून घेतली. अय्यो, अय्यो. "खायचं सांग ग! खायचं!"

"खायचं काही नको. तेच पाहिजे."

"ते डोहाळे नव्हेत. ती बाधा आहे."

अप्पा नाचणीचा मुद्दा मोडत होते. मान वर न करता म्हणाले, "मागितलं ना? मग द्या."

"दादा, ते मसणाचं आहे!"

"तू विचारलंस कशाला मग? विचारलं तर द्यायला लागतं." आणि सार वाढ म्हणाले.

आत्या फिरली ती माझ्यावर. पण अप्पांच्या शब्दापुढे तिचं चालत नाही. मला हसू येत होतं आणि भीतीपण.

१५ जुलै

आत्याच्या अटी. शुक्रवारी नाही. उन्हात, अंगणात, तुळशीसमोर. समई लावलेली. वहिनीने पेटीला हात लावायचा नाही, नुसतं ऐकायचं. आणि आत्या स्वतः मूठभर मीठमोहऱ्या घेऊन शेजारी बसणार.

बसली. मूठ आवळून, माझ्याकडे असं बघत की मीच ते भूत.

वाजवलं. उन्हात, पत्रेवाला ठोकतोय, कावळे. तरी जिना उतरला. मला माहीत आहे तो उतरला, कारण अप्पा ओसरीवर पानाचा डबा उघडून तसेच थांबले. वहिनीचे डोळे मिटलेले, हात पोटावर.

संपल्यावर आत्याने मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. तडतडल्या. म्हणाली, "आता एक चांगलं वाजव, तोंड गोड करायला." भूपाळी वाजवली, दुपारी तीनला. मग आत जाताना माझ्याकडे न बघता, "यात भिण्यासारखं काय आहे? हे तर कुणीतरी रडतंय."

ऐकून रागच आला. मी भिववायला लिहिलं.

२ ऑगस्ट

हललं!

म्हणजे वहिनी म्हणते हललं. "ती जेव्हा शेवटच्या पायरीवर येते, तेव्हा तुम्ही जाड तार ओढता ना, खर्जाची. तेव्हा." आत्याने हात ठेवला, काही लागलं नाही, तरी मान हलवली. मी परत वाजवलं. परत. वहिनी हसायला लागली, "साकु, साकु, पुरे भावजी, लाथा मारतंय!"

माझ्या तारेने. माझ्या! कॉलेजात शेषूला सांगितलं. तो म्हणाला बाकीच्या संगीतकारांना पदकं मिळतात, तुला लाथ.

२० ऑगस्ट

रोज चारला. आता आत्याची हरकत नाही, मीठमोहऱ्या मात्र रोज. वाजवलं की हलतं. नाही वाजवलं तरी हलत असेल की, विचारलं. वहिनी म्हणते तेव्हा कमी.

मोठी बातमी. दसऱ्याला साहेबलोक येतात पाहुणे म्हणून, एका मडमेच्या बंगल्यावर संध्याकाळी गाणंबजावणं आहे, मास्तर पियानोवर. त्यांनी माझं नाव दिलं. "लोकल बॉय, ओरिजनल पीस." रात्रभर डोळा लागला नाही.

तिसरा भाग करायचाय: बाई पाळण्याशी बसते. जमत नाही. तिथे येऊन सगळं थांबतं.

६ सप्टेंबर

गौरी-गणपती झाले. वहिनीचं डोहाळजेवण, मोहल्ल्यातल्या बायका, मोगऱ्याची वाडी घातली. पाळण्याची गाणी झाली. एक म्हातारी म्हणाली, दीर वाजवतो ते काय म्हणे? आत्या तडक म्हणाली, "इंग्रजी भजन."

वहिनीने मला स्वैपाकघराच्या दारात गाठून तिसऱ्या भागाबद्दल विचारलं. म्हटलं अडलोय. ती म्हणाली, "ती पाळण्याशी बसल्यावर गप्प कशी राहील? ती त्यांना बोलावत असणार." कुणाला?

तिने ओठांतल्या ओठांत एक ओळ गुणगुणली. खाली, अगदी खाली. मी पळत जाऊन ती उतरवून घेतली. तिसरा भाग झाला. अंगावर काटा, खरा.

१७ सप्टेंबर

पितृपंधरवडा लागला. आत्या म्हणाली हे पंधरा दिवस वाजवणं बंद, आधीच मंडळी दाराशी असतात.

चारला वहिनी अंगणात येऊन बसली. मी म्हटलं आत्या नको म्हणतेय.

"आत्या भिक्षुकाकडे गेल्यात. वाजवा."

"वहिनी, नको ना."

"सगळ्यांना पान वाढणार, भावजी. आजोबांना, पणजोबांना, लढाईत मेलेल्या कुणा चुलत्याला. लहानांचं श्राद्ध नसतं. माझ्या दोघांना पान नाही." शांतपणे म्हणाली, भाव विचारावा तसं. "निदान हे तरी."

वाजवलं. काय करणार होतो. तिसऱ्या भागाला तिने चटई जरा सरकवली. डावीकडे जागा केली. मग उजवीकडे.

१८ सप्टेंबर

परत. चटईवर मधे बसते, दोन्ही बाजूंना जागा सोडून. मी विचारलं हे काय. "त्यांना बसायला." हसून म्हणाली. चेहरा असा सुखी की मला बघवेना.

मोठा मुलगा आता किती मोठा झाला असता ते सांगितलं. डावीकडे तो. तिसऱ्यालापण हे दोघं खेळवतात म्हणे, म्हणून ते हलतं.

मी थ्रिलसाठी केलं होतं. खेळ होता. पांढरी बाई पुस्तकातली होती.

२० सप्टेंबर

कुणाला सांगू. अण्णाला लिहावं तर तो कोटेला तापात पडलाय, वहिनीला कळवू नको म्हणून निरोप. आत्याला सांगितलं तर मांत्रिक आणेल, लिंबं, धूर, केस धरून विचारणं. शेजारी एका सुनेचं केलेलं बघितलंय. ते नको.

शेषूला सांगितलं. तो म्हणाला वाजवणं सोड, आपोआप बंद होईल.

२२ सप्टेंबर

खोटं बोललो. म्हटलं मास्तर रोज चारलाच बोलावतात, बंगल्यावरची रिहर्सल. वहिनी म्हणाली बरं.

२६ सप्टेंबर

पाच वाजता घरी आलो, वहिनी अंगणात चटईवर. "झाली प्रॅक्टिस?" हो. "मग आता थोडं?" हात दुखतो म्हटलं. गोविंदविड्याचा डबा पुढे केला, लहान मुलाला लाच द्यावी तशी. घेतला नाही.

आत जाताना म्हणाली, "तुम्ही थांबलात की हेपण थांबतं, भावजी." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

२ ऑक्टोबर

नवरात्र. गावात पाय ठेवायला जागा नाही. राजवाडा दिव्यांनी असा की डोळे दिपतात. संध्याकाळी तोफा झाल्या, वहिनी कट्ट्यावर बसलेली, एकदम पोट धरलं. "दचकलं!" म्हणून हसली. बघ, माझ्याशिवायपण हलतं. मला केवढं हलकं वाटलं.

अण्णा आला. पिवळा पडलाय, गालफडं बसली. आल्याआल्या वहिनीच्या पायांवरची सूज बघितली, माझ्याकडे बघितलं. आत्याने सगळं सांगितलेलं दिसतं.

"तू काय तिला भुताचं वाजवून दाखवतोस म्हणे?"

"आता नाही वाजवत."

"बरं करतोस."

७ ऑक्टोबर

वाजवलं. बंगल्यावर. सगळे तीन भाग, मास्तर पियानोवर, वहिनीचा कोमल ध त्यांच्या डाव्या हातात. तिसऱ्या भागाला एक मडम पंखा हलवायची थांबली. नंतर टाळ्या, खऱ्या. एका साहेबाने विचारलं कुठला कंपोझर, मी म्हटलं मी. तो म्हणाला नाही नाही, मूळ कुणाचा? मास्तर मोठ्याने म्हणाले, "हा समोर उभा आहे तो."

आयुष्यात एवढा आनंद झाला नाही. परतताना घोड्याच्या जटक्यात मास्तर गात होते.

घरी आलो, वहिनी दाराशी. मी सांगायला तोंड उघडलं.

"भावजी, सकाळपासून हललं नाही."

८ ऑक्टोबर

आत्या म्हणते असं होतं, पोर झोपतं. गूळ दिला, गार पाणी दिलं, डाव्या कुशीवर निजवलं. पोट हळूच हलवून बघितलं.

नाही.

वहिनी माझ्याकडे बघते नुसती. काय हवंय ते मला कळतं. मी फिडल कपाटात ठेवलं, वरून धोतर टाकलं.

दुपारी अण्णा म्हणाला दवाखान्यात नेऊ. आत्या म्हणते नको, परक्यांच्या हातात नको. अप्पा नुसते उठून जटका आणायला गेले.

९ ऑक्टोबर

जनाना दवाखाना. पुरुषांनी आवारापर्यंतच. लेडी डॉक्टरने लाकडी नळी पोटाला लावून बराच वेळ ऐकलं, मग बाहेर येऊन अण्णाला कन्नडात सांगितलं. काहीतरी ऐकू येतंय असं वाटतं, पण ती आईचीच नाडी असू शकते. आईला ताप आहे, ठोके जलद. आज काही करायचं नाही, बघायचं.

अण्णाने विचारलं, म्हणजे आहे की नाही? तिने त्याच्या खांद्याकडे बघत सांगितलं, खात्रीने सांगता येत नाही.

आज गावात सगळी मिरवणुकीची गर्दी. आम्ही चिंचेखाली बसलो. अप्पा उभेच.

अण्णा म्हणाला, "दोघांना गेल्यावर तिने बघितलंपण नाही नीट. आम्ही बघू दिलं नाही. आत्या म्हणाली बघू नये, मी ऐकलं."

डावीउजवीकडचं सांगितलं त्याला. चटईचं, पानाचं, सगळं. मला वाटलं मारेल. तो चिंचेची पानं ओरबाडत राहिला.

"मुलगा डावीकडे?"

"हो."

"अं."

१० ऑक्टोबर

सकाळी आत्या बाहेर आली, डोळे सुजलेले. ती आत वहिनीजवळ असते. अण्णाला म्हणाली, ती किट्टूचं वाजवणं मागतेय. आत्याने नाही म्हटलं. देवाचं नाव घे म्हटलं. ऐकत नाही.

अण्णा माझ्याकडे वळला. "घेऊन ये."

मी म्हटलं, "अण्णा, नको."

"का नको? दोन महिने वाजवत होतास ना?"

कसं सांगू. वाजवलं आणि हललं तर बरंच. पण वाजवलं आणि नाही हललं तर तिला कळेल. डॉक्टरला कळायच्या आधी, सगळ्यांच्या आधी, तिला एकटीला कळेल. आत्ता निदान कुणालाच माहीत नाही. हेच त्याला सांगितलं, अडखळत.

अण्णा म्हणाला, "तिला कळू दे रे. दोनदा आम्हीच ठरवलं तिला काय कळावं." मग आवाज चढवून, "जा ना! पाय मोडलेत का?"

पळत गेलो, पळत आलो. दफेदार अप्पांनी दरवानाशी काय बोलणं केलं माहीत नाही, मला आत खिडकीखाली उभं राहू दिलं. खिडकीची झडप अर्धी उघडी. आतलं दिसत नाही. वहिनीचा आवाज आला, बारीक, पण तिचाच.

"भावजी, जिन्यापासून नको. थेट पाळणा."

वाजवलं. तिचीच ती ओळ. तिसऱ्या भागापासून कधी सुरुवात केली नव्हती, जिना नसताना तो भुताचा वाटतच नाही. आवारातल्या बायका, कुणाची मुलं, एक माळी, सगळे गप्प. जाड तार ओढली. धरून ठेवली, गज संपेपर्यंत.

आत काही नाही.

झडप लागली.

मग किती वेळ माहीत नाही. अण्णा भिंतीला कपाळ टेकून. आत्ता आत्या दारात आली. तिचा चेहरा बघितला, त्यातून काही समजेना. हसू नाही, रडू नाही, पदर तोंडात धरलेला.

"आत्या, हललं?"

ती माझ्या फिडलकडे बघत राहिली.

"आत्या!"

"परत वाजव," म्हणाली. "परत वाजव म्हणते ना." आणि आत गेली.

पायरीवर बसून हे दोन शब्द लिहिले. खर्जाची तार उतरलीय, आधी ती जुळवतो.